चर्चच्या पायरीवर वाचलेली पुस्तकं

लग्न ठरलं की मुली मेंदीची डिझाइन्स बघतात. मी बायबल उघडलं... आणि मग त्याच्या मागोमाग बरंच काही!

मुंबईच्या लोकलमध्ये तुम्ही काहीही वाचू शकता. रेसिपीचं पुस्तक, शेअर मार्केटचे फंडे, विष्णुसहस्रनाम... कुणी मान वर करून बघत नाही. पण कव्हरवर क्रूस दिसला की शेजारणीच्या भुवया लगेच उंचावतात. गेल्या आठ-दहा महिन्यांत मी तीन प्रकारच्या रिअ‍ॅक्शन्स जमवल्यात. पहिली, 'तुम्ही ख्रिश्चन का?' दुसरी, 'स्टेशनवर फुकट वाटत होते का?' आणि तिसरी, जिथे जिथे मी कामासाठी जाते त्या सगळ्या ऑफिसांतली कॉमन, 'अरे वा, स्टोरी करतेयस?'

तिसरी सगळ्यात सोयीची. फ्रीलान्सर असण्याचा हा एक फायदा असतो, तुम्ही कुठलीही विचित्र गोष्ट करत असलात तरी लोक ती रिसर्चच्या खात्यात टाकतात. पण यावेळी स्टोरी वगैरे काही नव्हती. तर झालंय असं, की माझं लग्न ठरलंय. मुलगा वसईचा, कॅथलिक, कुपारी समाजातला. आणि मी ठाण्याच्या अशा घरातली, जिथे गणपती दीड दिवसाचा, एकादशी आईची, नास्तिकपणा बाबांचा आणि माझं आपलं कायमचं 'बघू'.

प्रॉमिस त्याचं, मुलं दोघांची

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? रजिस्टर करा आणि मोकळे व्हा! १९५४ चा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट आहे, तीस दिवसांची नोटीस द्यायची, तीन साक्षीदार न्यायचे, झालं. आम्हीही आधी तेच म्हणत होतो. पण लग्न फक्त तेवढंच केलं तर त्याच्या चर्चच्या लेखी ते लग्नच नाही. मग त्याला कम्युनियन घेता येणार नाही. त्याला स्वतःला हे कितपत लागेल हे त्यालाही सांगता येत नव्हतं. पण त्याच्या आजीला लागेल हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. लाल लुगड्यातली ही आजी पहिल्या भेटीत माझ्याशी तिच्या कादोडीत बोलली, मला अर्धं कळलं आणि तेवढ्यावर आमचं जमलं. तिला दुखवायचं नव्हतं.

दुसरा मार्ग असा, की बाप्तिस्मा न घेतलेल्या मुलीशी चर्चमध्ये लग्न करायला बिशपांकडून खास परवानगी मिळते. ती मिळायची तर कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं, की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि होणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा देऊन चर्चमध्ये वाढवण्यासाठी माझ्या परीने सगळं करेन. दुसऱ्या जोडीदाराकडून काहीही लिहून घेत नाहीत. फक्त, त्याने असं वचन दिलंय, हे तिला स्पष्ट सांगितलं जातं.

फादरांनी मला ते अगदी शांतपणे, चहा देऊन सांगितलं. मीही शांतपणे ऐकलं. पण परतीच्या ट्रेनमध्ये नायगावची खाडी ओलांडताना डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. प्रॉमिस त्याचं, सही त्याची... पण मुलं तर दोघांची!

घरी आईने एकच प्रश्न विचारला, 'म्हणजे तू बाटणार का?' बाबांनी पेपरमधून डोकं काढलं नाही, याचा अर्थ तेही उत्तराची वाट बघत होते.

उत्तर माझ्याकडे नव्हतं. मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला एक गोष्ट घोटून शिकवली होती, माहीत नसेल तर आधी वाच, मग बोल. म्हणून वाचायला घेतलं.

लक्ष्मीबाईंची चूल

सुरुवात ओळखीच्या पुस्तकापासून. 'स्मृतिचित्रे' आपण सगळ्यांनी शाळेत धड्यापुरतं वाचलेलं असतं, हसलेलोही असतो. मी ते यावेळी सलग वाचलं आणि दोनदा ट्रेनमध्ये चक्क डोळे पुसले.

गोष्ट थोडक्यात अशी. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई नाही झाल्या. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, नातेवाईकांच्या आधाराने, नवऱ्याच्या पत्रांची वाट बघत. नंतर त्या नवऱ्याकडे परतल्या, पण ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपलं सोवळं सांभाळून, आपली चूल वेगळी ठेवून. मग हळूहळू आतून काहीतरी हललं. जात माणसाने केलीय, देवाने नव्हे, हे त्यांना पटलं आणि त्यानंतर त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच कथा चालतात. एक आमिषाची, एक साक्षात्काराची. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात यातलं काहीच नाही. तिथे एक बाई आहे, जिचं नवऱ्यावर प्रेम आहे, त्याचा राग येतो, त्याच्या देवाचं काही पटतं, काही पटत नाही आणि यात संध्याकाळचा स्वयंपाकही आहेच. ती घाई करत नाही. नवऱ्याने घेतला म्हणून तिने त्या दिवशी धर्म घेतला नाही. स्वतःला पटेपर्यंत ती थांबली. आणि हे कोण करतंय? १९०० सालच्या आसपासची, लग्नानंतर अक्षरं शिकलेली बाई!

टिळकांबद्दलची एक गोष्ट मात्र मला धड्यात कधीच भेटली नव्हती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र असावेत अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये ते गेले. पण मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली. माझ्यासारख्या 'बघू' कॅटेगरीतल्या माणसाचा विचार शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवला होता तर!

रमाबाईंची भांडणं

लक्ष्मीबाईंनी मला धीर दिला आणि पंडिता रमाबाईंनी तोंड दिलं. म्हणजे वाद घालायचं तोंड.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेज नावाच्या गावी झाला. सोबत छोटी मनोरमा. वय पंचवीस, नवरा गेलेला, देश परका, राहायला मिळालेली जागा तिथल्याच नन्सची. अशा वेळी बहुतेक जण मान खाली घालून 'हो' म्हणतील. रमाबाईंनी काय केलं? पत्रातून भांडायला सुरुवात केली! सिस्टर जेराल्डीन आणि त्यांच्यातला पत्रव्यवहार पुस्तकरूपात आहे, जमलं तर जरूर मिळवा. त्रैक्याचा सिद्धान्त कशावरून? चर्च सांगतं म्हणून मी का मानू, मला स्वतःला बायबल वाचता येतं ना? क्रूसावर लॅटिनच अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय कमी आहे?

त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या बायका हतबल झालेल्या त्या पत्रांत दिसतात. इकडे महाराष्ट्रात आपले लोकही खवळलेले होतेच. म्हणजे हिंदूंच्या दृष्टीने ती फार ख्रिस्ती आणि इंग्लिश ख्रिस्त्यांच्या दृष्टीने फार हट्टी. आणि याच बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं मराठी बायबल १९२४ मध्ये छापून आलं.

मला यातून एक गोष्ट नीट कळली. श्रद्धा म्हणजे प्रश्न विचारणं बंद करणं, असा जो माझा कॉलेजपासूनचा ठाम समज होता, तो निदान या बाईला तरी लागू नाही. तिचे प्रश्न बाप्तिस्म्यानंतरही चालूच होते. उलट आतून विचारल्यामुळे ते जास्त धारदार झाले.

हॉलमध्ये उभी असलेली माणसं

मग मी परदेशी पुस्तकांकडे वळले. सगळ्यांनी सुचवलेलं पहिलं नाव, सी. एस. लुइस यांचं 'मिअर ख्रिश्चॅनिटी'. हे १९५२ चं पुस्तक, पण त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवर दिलेल्या भाषणांत आहे. बॉम्ब पडतायत आणि रेडिओवर एक प्रोफेसर सोप्या भाषेत सांगतोय की बरोबर-चूक आपल्याला मुळात कळतं तरी कशावरून. त्यात एक मस्त प्रतिमा आहे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे एक हॉल, तिथून वेगवेगळ्या खोल्यांची दारं उघडतात. एकेक खोली म्हणजे एकेक पंथ. लुइस म्हणतात, हॉल ही थांबायची जागा आहे, राहायची नव्हे. शेकोटी आणि जेवण खोल्यांत आहे.

छान आहे. पण मला वाचताना जरा ढकलल्यासारखं वाटलं. पटवून देण्यात पटाईत माणसाशी बोलल्यावर वाटतं ना, तसं. त्यांचा प्रत्येक मुद्दा पटत होता आणि तरीही मी जागची हलत नव्हते.

हललं ते सिमोन वेलमुळे. ही फ्रेंच तत्त्वज्ञ, ज्यू घरात जन्मलेली. ख्रिस्तावर तिचा विश्वास बसला, तरी आपल्या मित्राला, फादर पेरांना, ती पत्रांतून समजावत राहिली की मी चर्चमध्ये येत नाहीये. कारण काय? चर्चच्या बाहेर जे असंख्य लोक, जे इतर धर्म आणि जी संस्कृती उरते, त्या सगळ्यांना सोडून मी आत येऊ शकत नाही. तिला भगवद्गीता प्रिय होती आणि ती वाचता यावी म्हणून ती संस्कृत शिकली होती. १९४३ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. 'वेटिंग फॉर गॉड' हे तिचं पुस्तक नंतर, १९५० मध्ये फ्रेंचमध्ये आलं.

ती काही माझ्यासारखी 'बघू'वाली नाही हं. तिचं थांबणं फार कठोर आहे, स्वतःलाच जाळणारं. पण दारात उभं राहणं हीसुद्धा एक प्रामाणिक जागा असू शकते, हे तिने मला सांगितलं. कुंपणावर बसणं वेगळं आणि उंबरठ्यावर उभं राहणं वेगळं. कुंपणावरच्याला दोन्हीकडची मजा बघायची असते. उंबरठ्यावरच्याला आतलेही आपले वाटतात आणि बाहेरचेही.

दोन मुलगे आणि त्यांच्या आया

आता येऊ या मूळ दुखण्याकडे. मुलं!

मी शोधत होते एखादं पुस्तक, ज्यात मुलाच्या बाजूने कुणी बोललं असेल. ज्याच्यासाठी आई-बापाने धर्म ठरवला, त्याला पुढे काय वाटलं? आणि गंमत म्हणजे एक उत्तर थेट सोळाशे वर्षांपूर्वीचं निघालं. संत ऑगस्टीन यांचं 'कन्फेशन्स'. इतका मोठा संत, पण घर कसं? आई मोनिका कट्टर ख्रिस्ती, वडील नाहीत. म्हणजे आजच्या भाषेत आंतरधर्मीय लग्नातलं मूल! लहानपणी ऑगस्टीन आजारी पडले तेव्हा त्यांना बाप्तिस्मा देणार होते, ते बरे झाले आणि ते पुढे ढकललं गेलं. नंतर त्यांनी सगळं करून पाहिलं, दुसरे पंथ, प्रेमप्रकरण, करिअर. आई रडत राहिली, प्रार्थना करत राहिली आणि शेवटी ३८७ मध्ये, तिशी उलटल्यावर, मिलानमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या आवाक्याबाहेर गेलेल्या मुलाकडे बघत बसलेली मोनिका मला फारच ओळखीची वाटली. ती कुठल्याही धर्मात, कुठल्याही बिल्डिंगमध्ये भेटेल.

दुसरा मुलगा जपानी. शुसाकू एंडो. अकरा-बारा वर्षांचा असताना आईच्या इच्छेखातर त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे हा जपानचा मोठा कादंबरीकार झाला. तो म्हणायचा, की हा धर्म म्हणजे आईने अंगावर चढवलेला पाश्चात्त्य सूट आहे, मापाचा नाही, पण मला तो टाकूनही देता येत नाही. मग आयुष्यभर तो त्या सुटाला जपानी माप देत राहिला. त्याची 'सायलेन्स' ही कादंबरी १९६६ ची, तिच्यावर मार्टिन स्कॉर्सेसीचा २०१६ चा सिनेमाही आहे. सतराव्या शतकातल्या जपानमध्ये ख्रिस्त्यांचा छळ चाललाय आणि एका पोर्तुगीज पाद्र्यासमोर पर्याय ठेवलाय, ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय दे, तरच त्या इतरांना सोडू. आणि देव गप्प आहे.

ही कादंबरी मी संपवली तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, 'अगं, आमचे गोन्सालो गार्सिया!' मला संदर्भच लागेना. मग त्याने सांगितलं. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले, भारतात जन्मलेले पहिले. वसईत त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. मी ज्या जपानला परकं समजून वाचत होते, ते विरार फास्टने जाता येईल इतकं जवळ होतं.

एंडो वाचून मी घाबरले का? थोडी. पण दिलासाही मिळाला. मुलाला सूट चढवायचाच असेल, तर तो नंतर उसवता येईल, हेही त्याला आपणच सांगून ठेवायचं.

खरंखुरं चर्च

पुस्तकं वाचता वाचता मी रविवारी मिसेलाही जायला लागले. कुणी बोलावलं म्हणून नाही, पुस्तकातलं चर्च आणि वसईतलं चर्च जुळतंय का ते बघायला. आणि सांगते, जुळत नाही! पुस्तकात ऑगस्टीन रडतोय, वेल जळतेय आणि इथे मागच्या बाकावरची काकू पार्किंगवरून कुजबुजतेय. प्रवचनात एक माणूस झोपलाय. एक पोरगं सतत पाणी मागतंय. पण सगळं मराठीत चाललंय, माझ्या भाषेत, आणि मला ते विचित्र वाटायच्या ऐवजी घरचं वाटलं.

हे मराठीपण काल-परवाचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेसुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! नव्या ख्रिस्त्यांना पुराणं ऐकायची सवय, तर ख्रिस्ताची कथाही ओवीतच सांगावी, असा सरळ हिशोब. त्यात स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ. मी आईला हे सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा या विषयावर हसली. आणि आपल्या काळातले वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुबोध बायबल' लिहिणारे, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरणारे, २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. आजीकडे अजूनही त्यांचा विषय निघाला की ती जराशी थांबते.

काकूच्या कुजबुजीचं मात्र मला डीट्रिश बॉनहॉफरने समजावलं. हिटलरच्या विरोधात उभा राहिलेला हा जर्मन पास्टर. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फासावर दिलं. त्याचं 'लाइफ टुगेदर' हे छोटंसं पुस्तक आहे, १९३९ चं. गेस्टापोने बंद पाडलेल्या एका सेमिनरीत एकत्र राहिलेल्या माणसांच्या अनुभवातून आलेलं. त्याचं म्हणणं असं, की आदर्श समूहाच्या स्वप्नावर जो जास्त प्रेम करतो, तो समोरचा खराखुरा समूह मोडून टाकतो. हे वाक्य चर्चबद्दल आहे, पण मला ते लग्नाबद्दलही वाटलं. सासर, माहेर, ऑफिस, सोसायटी... सगळ्यांबद्दलच वाटलं.

मग ठरलं काय?

ठरलं ते असं. बाप्तिस्मा मी आत्ता घेणार नाहीये. कारण लग्नाची तारीख हे बाप्तिस्म्याचं कारण होऊ शकत नाही आणि हे मला लक्ष्मीबाईंइतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नाही. लग्न चर्चमध्ये होईल, परवानगी घेऊन. त्याचं वचन तो देईल. त्याआधी आम्ही दोघं फादरांसमोर बसलो आणि मी माझं म्हणणं मांडलं. मुलांना गणपतीला ठाण्याला न्यायचं. आजीच्या गोष्टी दोन्हीकडच्या ऐकायच्या. आणि मोठी झाल्यावर ती प्रश्न विचारतील तेव्हा कुणी 'गप्प बस' म्हणायचं नाही. फादर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'हे तुम्ही आज बोललात ते बरं केलंत. पुष्कळ जण दहा वर्षांनी बोलतात.' ते याला हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला तेवढा प्रामाणिकपणा पुरला.

आईला मी 'स्मृतिचित्रे' दिलंय. ती दुपारी वाचते आणि संध्याकाळी फोनवर मला टिळकांच्या तक्रारी सांगते, जणू जावई तेच आहेत. 'बाटणार का' हा प्रश्न तिने परत विचारलेला नाही. परवा विचारलं ते वेगळंच, 'तिकडे लग्नात मला नऊवारी नेसली तर चालेल ना?' चालेल म्हणजे काय, आजीचं लाल लुगडं आणि आईची नऊवारी एकाच बाकावर बसणार आहेत!

एक गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाही. पाच-सात वर्षांनी एका रविवारी सगळे कम्युनियनच्या रांगेत उभे राहतील आणि मी बाकावर बसून असेन. तेव्हा एक पोर मागे वळून विचारेल, 'आई, तू का नाही येत?' त्यावेळी काय सांगायचं, त्याची तयारी आत्तापासून करतेय. पुढचं पुस्तक सुचवायचं असेल, तर प्लीज, हा प्रश्न लक्षात ठेवून सुचवा.